सव्वा इंच

पाचव्या सेमिस्टरला मशीन डिझाइनच्या ओरलमध्ये एक्स्टर्नल सरांनी मला जॉइंट्सचे प्रकार विचारले होते. रिव्हेटेड, वेल्डेड, कॉटर, नकल... मी सगळे धडाधड सांगितले, आकृत्यासुद्धा काढून दाखवल्या. सर खूश, मी त्याहून खूश. त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी मी भिवंडीला आजीच्या स्वयंपाकघरात सिंकखाली उताणी पडले होते, नाकावर गंजाचं पाणी ठिबकत होतं, आणि एक लोखंडी पाईप एका प्लॅस्टिकच्या पाईपला कसा जोडायचा हे मला येत नव्हतं.

मराठी विभागाच्या मॅडम म्हणाल्या, सुट्टीतला एखादा अनुभव लिहून दे. म्हणून हा लिहितेय. आधीच सांगून ठेवते की मी कॉन्व्हेंटची. घरात आजीशी मराठी, शाळेत इंग्लिश आणि भिवंडीच्या रस्त्यावर हिंदी, अशी माझ्या डोक्यात तिन्हींची भेळ झालेली आहे. ऱ्हस्व-दीर्घ रूममेटने तपासलंय, त्यामुळे त्या चुका तिच्या. बाकीच्या माझ्या.

तर आमचं घर जुन्या भिवंडीत, एका आळीत आहे. आई-बाबा नोकरीमुळे ठाण्याला राहतात. आजोबा गेल्यापासून भिवंडीच्या घरात आजी एकटीच असते. ती वर माडीवर आणि खाली चार यंत्रमाग. माग चाचांचे. चाचा म्हणजे आमचे भाडेकरू. आधी त्यांचे वडील होते, आता ते आहेत. बाबा लहानपणी त्यांच्या मागांखाली लपाछपी खेळायचे म्हणे. (खेळू नये. फटका बसला तर डोकं फुटेल.)

ज्यांनी भिवंडी फक्त मुंबई-नाशिक हायवेवरून, ट्रकांच्या मागे अडकून आणि गोडाउनच्या रांगा मोजत बघितली आहे, त्यांना मागाचा आवाज माहीत नसेल. तो नुसता कानाला येत नाही, तळपायाला येतो. साधा माग मिनिटाला साधारण दीडशे ठोके मारतो आणि खाली असे चार आहेत. आजीच्या फळीवरच्या स्टीलच्या वाट्या दिवसभर किणकिणत असतात. शुक्रवारी माग बंद. त्या दिवशी वाट्या गप्प असतात आणि आजीची दुपारची झोप उडते. शांततेमुळे तिला झोप येत नाही! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी गेले त्या दिवशी बुधवार होता. आजी म्हणाली, "सिंकखाली ओल येतेय गं जरा, बघ बाई तू आता इंजिनिअर ना." मी ऐटीत खाली वाकले. मूळची तिथे मोरीच होती. १९८३ साली आजोबांनी कडप्प्याचा ओटा आणि सिंक करून घेतलं, तेव्हापासूनचे ते पाईप. सिंकच्या तळाला पितळेचं वेस्ट कपलिंग, त्याला जीआयचा एल्बो, आणि तिथून जीआयचा पाईप जाड भिंतीतून आरपार बाहेर, उभ्या बिडाच्या पाईपला जाऊन मिळालेला. मी आजोबांचा पाईप-पान्हा घेतला आणि एल्बो थोडा आवळावा म्हणून जोर लावला. आवळला गेला नाही. हातात आला. पापडासारखा मोडून. भिंतीतून दोन-अडीच इंचाचं थोटूक तेवढं बाहेर राहिलं.

आजी म्हणाली, "आटे गेलेत."

मी पिठाच्या डब्याकडे बघितलं. खरंच सांगते! मला वाटलं पिठात पाणी गेलं. मग आजीने मोडक्या तोंडाकडे बोट करून दाखवलं तेव्हा कळलं की थ्रेड्सना मराठीत आटे म्हणतात. तीन वर्षं थ्रेड्सची चित्रं काढतेय मी.

आटेच का गेले, बाकीचा पाईप का नाही, हे मात्र मला सांगता आलं. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. आटे कापताना तो मुलामा खरवडून निघतो आणि भिंतही तेवढी पातळ होते. म्हणजे जिथे जोडायचं तिथेच तो सगळ्यात अशक्त. त्यात एका बाजूला पितळ. पितळ आणि लोखंड ओल्यामध्ये एकमेकांना चिकटून राहिले की पितळ शाबूत राहतं आणि लोखंड झिजतं. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत हे मी पाच मार्कांना लिहिलं होतं. आजीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. मग आता भांडी कुठे घासू?"

सिंकखाली बादली ठेवली. ती भरली की नेऊन बाथरूममध्ये ओतायची. आजीचं वय ७६.

गुरुवारी प्लंबर आले. त्यांनी थोटूक हलवून बघितलं, भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाले, नवीन आटे पाडायला गेलं तर हे तुटणार. भिंत फोडायची, जुना पाईप काढायचा, सरळ प्लॅस्टिक टाकायचं. त्यांचं चूक नव्हतं, खरं तर तोच कायमचा इलाज. पण आजी "भिंतीला हात लावायचा नाही" म्हणाली आणि विषय संपला. ती हट्टी आहे म्हणून नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये भिवंडीत पटेल कंपाउंडमधली तीन मजली इमारत पहाटे झोपलेल्या माणसांसकट कोसळली होती. त्यानंतर आमच्या आळीत कोणी जुन्या भिंतीत साधा खिळा ठोकायचा तरी दोनदा विचार करतं. वर आमची भिंत म्हणजे विटा, माती, चुना आणि तिला टेकून चार मागांचे हादरे.

प्लंबर गेले आणि मी म्हणाले, "आजी, मी करते."

आता इथे माझी हुशारी सुरू होते, तर सावकाश वाचा. वर्कशॉपसाठी घेतलेलं व्हर्निअर बॅगेत होतं. थोटकाचं माप घेतलं. गंजामुळे तीन ठिकाणी तीन रीडिंग आली, सरासरी ४२ च्या थोडं वर. तीन बत्तीच्या बाजारात जाऊन दुकानात म्हणाले, "४२.४ मिलिमीटरला बसेल असा पीव्हीसी कपलर द्या."

दुकानदार काका आधी माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सव्वाचा की दीडचा?"

"४२.४ चा."

"असा येत नाही. पप्पांना फोन लावा ना जरा."

पप्पांना काय कळतंय त्यातलं! मी पण हटले नाही. आजीने सांगितलं होतं की पाईप सव्वा इंची आहे, म्हणून सव्वाचा कपलर आणि हातभर पाईप घेतला. घरी येऊन लावला तर कपलर थोटकावर जाईना. तो होता ४० चा. दोन्ही सव्वा इंची, आणि एकमेकांत बसत नाहीत.

हा घोळ मी रात्री बसून सोडवला, आणि तो इतका मजेशीर आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. जीआय पाईपची मापं आपल्याकडे आयएस १२३९ प्रमाणे चालतात. सव्वा इंची म्हणजे ३२ मिमी नॉमिनल बोअर. बाहेरून मोजाल तर तो भरतो सुमारे ४२.४. मीडियम क्लासची जाडी साधारण ३.२, ती दोन्ही बाजूंनी वजा केली की आतून ३६. म्हणजे ते ३२ ना बाहेर आहे, ना आत! ते माप नाहीच, नाव आहे. आमच्या विंगमधल्या 'छोटी'ची उंची पाच फूट नऊ इंच आहे, तसं.

पूर्वी लोखंडी पाईपच्या भिंती जाड असायच्या, तेव्हा आतलं छिद्र नावाच्या जवळपास असायचं. पुढे पाईप बनवायच्या पद्धती सुधारल्या आणि भिंती पातळ झाल्या. तेव्हा बाहेरचं माप कमी करता आलं असतं. पण केलं नाही. कारण आटे बाहेरच्या अंगाला असतात. ते माप बदललं असतं तर आधीचे सगळे पाईप, सॉकेट, आटे पाडायच्या डाय, सगळं बाद. म्हणून बाहेरचं तसंच ठेवलं आणि आतलं मोठं होऊ दिलं. आटेसुद्धा जुन्याच घराण्यातले. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रजाने १८४१ साली ५५ अंशांच्या आट्यांचं एक ठरलेलं माप सुचवलं, त्याच कोनाचे आटे आजीच्या सिंकखाली होते, इंचाला ११. नवा पाईप जुन्याला जोडता यावा म्हणून एवढं सगळं सांभाळलं गेलं, आणि मग आलं प्लॅस्टिक. पीव्हीसी पाईपला, म्हणजे आयएस ४९८५ वाल्याला, हे काही माहीत नाही. तो सरळ बाहेरच्या मापाने ओळखला जातो: ३२, ४०, ५०, ६३. बाजार मात्र जुन्या सवयीने त्यातल्या ४० ला सव्वा इंची म्हणतो आणि ५० ला दीड इंची. दुकानदार काका बरोबर होते. मीही बरोबर होते. फक्त आमच्या दोघांच्या बरोबरमध्ये २.४ मिलिमीटरचा फरक होता.

शुक्रवारी सकाळी मी कामाला लागले. पीव्हीसीचं एक टोक गॅसवर लांबून फिरवत मऊ केलं (खिडकी उघडून. जास्त तापवला तर त्याचा धूर वाईट असतो, हे करू नका) आणि थोटकावर दाबून बसवलं. थंड झाल्यावर त्याने लोखंड घट्ट धरलं. त्याआधी आत भरपूर सॉल्व्हेंट सिमेंट लावलं होतं. वरून मळून लावायची ती दोन रंगांची एपॉक्सी पुट्टी, चांगली बोटभर जाड. दुपारी बादलीभर पाणी सोडलं. एक थेंब नाही! आजीने माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी सिंकखालचा फोटो क्लासच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'प्लंबिंग बाय मेकॅनिकल'. चौतीस अंगठे आले. बादली धुऊन बाथरूममध्ये ठेवून दिली.

शनिवारी संध्याकाळी सहज वाकून बघितलं तर पुट्टीच्या खालच्या कडेला एक ओलसर रेघ होती. बोट लावलं. ओलं. बोटाला किंचित तांबूस लागलं.

कंडेन्सेशन असेल, मी स्वतःला सांगितलं. असा एखादा शब्द माहीत असला की किती सोय होते बघा. जानेवारीच्या कोरड्या हवेत, साध्या पाण्याच्या पाईपवर, कंडेन्सेशन. मला माहीत होतं की ते नाहीये. पण आजीने शेजारच्या काकूंना बोलावून माझं काम दाखवलं होतं. ग्रुपवर फोटो होता. मी ओढणीने रेघ पुसली आणि बाहेर जाऊन टीव्ही बघत बसले. बादली आणून ठेवायला मला दहा सेकंद लागली असती.

रविवारी सकाळी आजीने भाताची पेज सिंकमध्ये ओतली, भांडी घासली, अर्धा-पाऊण तास नळ चालू-बंद होत होता. मग जिन्यातून चाचांची हाक आली, "काकी! ऊपर से पानी आ रहा है!"

मी आधी धावत खाली गेले. पाणी फरशीच्या सांध्यातून झिरपून एका तुळईवरून वाहत आलं होतं आणि पहिल्या मागाच्या बरोबर वर येऊन ठिबकत होतं. मागावर गुंडाळल्या जाणाऱ्या तयार कापडावर. ग्रे कापड असतं ते, न धुतलेलं, सायीच्या रंगाचं. त्यावर मध्येच हाताएवढा तांबडा-तपकिरी डाग, आणि चाचांनी कापड उलगडलं तसा खालच्या प्रत्येक थराला तो होता, आत आत लहान होत गेलेला. थेंब रात्रीपासूनच पडत असणार. चाचांनी माग बंद केला. बाकीचे तीन चालूच होते, त्यामुळे बोलायचं ते ओरडून बोलावं लागत होतं. माझी ती जन्मातली सगळ्यात वाईट ओरल.

"चाचा, कल शाम को मैंने देखा था. गीला था. मैंने बोला नहीं."

"क्या?"

परत सांगावं लागलं. मोठ्याने.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डागावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "तो बेटा, बाल्टी रख देती ना."

एवढंच.

आजीने कापडाच्या एका कोपऱ्याला लिंबू आणि मीठ चोळून बघितलं. गंजाचा डाग त्याने जातो, लिंबातलं अ‍ॅसिड गंज विरघळवून घेतं. तो कोपरा खरंच निघालाही. पण तेवढं कापड कोण चोळणार, किती लिंबं लागणार. तागा 'सेकंड'मध्ये गेला. फ्रेशचा भाव आणि सेकंडचा भाव यातला फरक आजीने त्या महिन्याच्या भाड्यातून वजा करून घ्या म्हणून सांगितलं. मला वाटलं होतं चाचा सिनेमातल्यासारखं "रहने दो काकी" म्हणतील. नाही म्हणाले. त्यांनी हिशोब केला, आकडा सांगितला आणि तेवढे वजा करून भाडं दिलं. त्यांनाही व्यापाऱ्याला कापड द्यायचं असतं आणि यार्नचे पैसे द्यायचे असतात. मला त्या दिवशी ते थोडं कठोर वाटलं होतं. आता नाही वाटत.

पण माझा जॉइंट फसला का, हे मला कळत नव्हतं. शुक्रवारी बादलीभर पाण्याने काही झालं नाही आणि शनिवारी गळायला लागला? सोमवारी चाचा वर आले, ओट्याखाली हात घातला आणि थोटकावर तळवा ठेवून तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "इसमें तो पूरा माग आ रहा है."

मी हात लावला. पाईप थरथरत होता. बारीक, सतत. शुक्रवारी माझ्या हाताला तो दगडासारखा स्थिर लागला होता, कारण शुक्रवारी माग बंद होते! फळीवरच्या वाट्या त्या दिवशी गप्प होत्या. आजीची झोप उडाली होती. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

मग मी वहीत एकेक चूक लिहून काढली, ती इथे थोडक्यात देते. सॉल्व्हेंट सिमेंट हा डिंक नाहीच. तो पीव्हीसीचा वरचा थर विरघळवतो आणि दोन पीव्हीसी एकजीव करतो. लोखंडात त्याला विरघळवायला काही मिळत नाही, त्यामुळे मी लावलं ते नुसतं वाळलेलं सारण. पुट्टी लावली ती चाळीस वर्षांच्या तेलकट गंजावर. ती गंजाला चिकटली, आणि गंज लोखंडाला चिकटलेला नव्हता. दोष पुट्टीचा नाही, कानस न चालवणारीचा. आट्यांचे खड्डे तसेच राहिले होते. आटा म्हणजे गोल फिरत जाणारी वाटच की, पाणी तिने फिरत फिरत बाहेर येतं.

आणि गरम पेज. पीव्हीसी तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ सहापट वाढतं (अंशाला दशलक्षात साधारण ७० आणि १२). पाईप पंचवीस अंशांवरून पंच्याऐंशीवर गेला असं धरा. वरचं प्लॅस्टिकचं कडं ०.१७ मिमीने मोठं होतं, आतलं लोखंड ०.०३ ने. म्हणजे ०.१४ ची फट. आपल्या जर्नलच्या कागदापेक्षा थोडी जास्त. पाण्याला तेवढी पुरते. पुट्टी ती फट सांभाळून घेऊ शकत नाही, कारण वाळल्यावर ती दगड होते, आणि दगडाला मिनिटाला दीडशे ठोके चार मागांकडून मिळत होते.

चाचांनी मला खाली नेलं. मागाच्या दोन्ही टोकांना धोटा येऊन थांबतो ना, तिथे त्यांनी बोट ठेवलं. चामड्याचा तुकडा होता, तेलाने काळा पडलेला. "यहाँ लोहा लगाऊँ तो शाम तक टूट जाएगा," ते म्हणाले. धोटा सुटतो तिथेही पट्टा चामड्याचा. मी इतकी वर्षं त्या खोलीतून ये-जा करतेय, पण चालत्या मागात जिथे जिथे हिसका बसतो तिथे काहीतरी मऊ ठेवलेलं आहे, हे कधी बघितलं नव्हतं.

म्हणजे चामड्यासारखं काहीतरी हवं होतं, पण गरम पाण्यात टिकणारं, लोखंडावर बसणारं आणि हादरे खाणारं. हे शब्द वहीत एकाखाली एक लिहिले आणि मला हसू आलं. हे तर आय.सी. इंजिन्समध्ये शिकवलंय. इंजिन थरथरतं, त्यातलं पाणी तापलेलं असतं, आणि ते रेडिएटरला जोडतात रबराच्या होजने आणि क्लिपांनी. आणि भिवंडीत काय कमी असेल ते असो, ट्रकची गॅरेजं कमी नाहीत.

अंजूर फाट्याकडच्या एका गॅरेजमध्ये मी व्हर्निअर घेऊन उभी राहिले.

"रेडिएटर का होज चाहिए. अंदर से बयालीस."

"कौन सी गाडी?"

"गाडी नहीं. सिंक."

मेकॅनिकने हातातला पान्हा खाली ठेवला. पण गंमत म्हणजे त्याने पप्पांना फोन लावायला सांगितलं नाही. मी सगळं सांगितल्यावर त्याने तीन-चार तुकडे काढून मापून बघू दिले, वीतभर सरळ होज कापून दिला, दोन क्लिपा दिल्या आणि वरून सांगितलं की ४० च्या बाजूला सैल बसेल, तर सायकलच्या ट्यूबची पट्टी एक फेर गुंडाळ. ट्यूब साधारण एक मिमी जाड, दोन्ही बाजूंनी मिळून दोन. ४० चे ४२ झाले! आयएस कोड लिहिणाऱ्यांनी सोडून दिलेलं अंतर सायकलच्या ट्यूबने भरून काढलं.

या वेळी घाई केली नाही. जुनी पुट्टी हळूहळू कोरून काढली, कारण थोटूक भिंतीत हलायला नको होतं. रॉकेल नव्हतं, डिझेलच्या फडक्याने तेलकटपणा काढला. मग तारेचा ब्रश, कानस, पॉलिश पेपर. उरलेसुरले आटे सपाट केले, पाईपच्या तोंडाची आतली कड गोल केली, म्हणजे भाताची शितं अडकणार नाहीत. खाली स्वच्छ राखाडी लोखंड दिसेपर्यंत दीड तास गेला. साबणाचं पाणी लावल्यावर होज त्यावर सरकून बसला. दुसऱ्या टोकात पट्टी गुंडाळलेलं पीव्हीसी, क्लिपा दोन्हीकडे, प्लॅस्टिकच्या बाजूची जपून आवळलेली, आणि सगळ्याला भिंतीकडे थोडा उतार. सिंककडून प्लॅस्टिकचा नट आणि रबरी वायसर. पितळ आणि लोखंड आता एकमेकांना शिवतही नाहीत. मधे वाकवलेल्या पाईपमध्ये थोडं पाणी साठून राहतं, त्यामुळे वास येत नाही आणि झुरळंही. हा फायदा आजीला बाकी सगळ्यापेक्षा जास्त आवडला.

टेस्टिंग मुद्दाम बुधवारी केलं. चारही माग चालू, फळीवरच्या वाट्या किणकिणत असताना, उकळतं पाणी. एकदा नाही, दिवसभर, जमेल तेव्हा. खाली कोरडं वर्तमानपत्र, कारण त्यावर एक थेंब पडला तरी दिसतो. आणि वर्तमानपत्राखाली बादली. होय, बादली. आठ दिवस ती तिथेच होती.

हा कायमचा इलाज नाही, हे मला माहीत आहे. भिंतीच्या आतला पाईप चाळीस वर्षांत आतून किती खाल्ला गेलाय ते बाहेरून कळत नाही, आणि तो ज्या बिडाच्या पाईपला मिळतो त्याचं वय तर आजीलाही आठवत नाही. बाबांनी आता इंजिनिअरला बोलावलंय (खऱ्या). घराचं ऑडिट होईल, टेकू देऊन भिंत उघडता येते का ते बघतील. तोपर्यंत एका ट्रकचा होज आजीचं सांडपाणी वाहतोय. ग्रुपवर दुसरा फोटो मी टाकलेला नाही.

हॉस्टेलला परत आल्यावर गेल्या शुक्रवारी दुपारी मी आजीला फोन केला. मागे आवाज नव्हता. विचारलं, "वर्तमानपत्र कोरडं आहे का?"

"कोरडं आहे," आजी म्हणाली. "पण आज शुक्रवार आहे बाई. उद्या विचार."